परवाना क्रमांक एक

भारतात वैमानिकाचा परवाना देण्याची व्यवस्था सुरू झाली, तेव्हा पहिला परवाना जहांगीर रतनजी दादाभाई टाटा या चोवीस वर्षांच्या तरुणाला मिळाला. तारीख होती १० फेब्रुवारी १९२९. ‘एअरो क्लब ऑफ इंडिया अँड बर्मा’ या संस्थेने दिलेल्या त्या परवान्यावर सर व्हिक्टर ससून यांची सही होती आणि क्रमांक होता एक. पुढील चौसष्ट वर्षांच्या आयुष्यात जेआरडी टाटांना मानसन्मानांची कमतरता पडली नाही. हवाई दलाने त्यांना मानद एअर व्हाइस मार्शल केले, १९८८ मध्ये विमानविद्येतील प्रतिष्ठेचे डॅनिएल गुगनहाइम पदक मिळाले आणि १९९२ मध्ये ‘भारतरत्न’ने त्यांचा गौरव झाला. मात्र त्या छोट्याशा परवान्याने दिलेला आनंद दुसऱ्या कोणत्याही कागदाला देता आला नाही, ही त्यांची भावना अखेरपर्यंत कायम होती.

जेआरडी विमान चालविणारे पहिले भारतीय नव्हते. पहिल्या महायुद्धात इंद्रलाल रॉय, हरदितसिंग मलिक यांसारखे भारतीय तरुण ब्रिटिशांच्या हवाई पथकांतून लढले होते. रॉय तर जुलै १९१८ मध्ये फ्रान्सच्या आकाशात धारातीर्थी पडले. पण हे सारे परदेशात शिकले होते. भारताच्या भूमीवर धडे घेऊन, भारतातच परीक्षा देऊन, भारतीय संस्थेचा परवाना मिळविण्याची वाट जेआरडींपासून सुरू झाली. वैमानिक होण्याचे स्वप्न पाहणाऱ्या विद्यार्थ्याने त्यांच्या चरित्राकडे पाहावे ते यासाठी.

हार्देलोचा किनारा

२९ जुलै १९०४ रोजी पॅरिसमध्ये जेआरडींचा जन्म झाला. वडील रतनजी दादाभाई हे टाटा समूहाचे संस्थापक जमशेटजी टाटा यांच्या नात्यातले आणि उद्योगातले सहकारी. आई सुझान ब्रिएर फ्रेंच. पाच भावंडांचे बालपण फ्रान्स, मुंबई आणि काही काळ जपानमधील योकोहामा असे विखुरलेले गेले. शाळा बदलत राहिल्या, भाषा बदलत राहिल्या. फ्रेंच ही त्यांची पहिली भाषा. इंग्रजीवर प्रभुत्व यायला बराच काळ जावा लागला.

उन्हाळ्याच्या सुटीत हे कुटुंब उत्तर फ्रान्समधील हार्देलो या समुद्रकाठच्या गावी जात असे. तेथे त्यांचे शेजारी होते लुई ब्लेरिओ. १९०९ च्या जुलै महिन्यात विमानातून इंग्लिश खाडी ओलांडणारा हा पहिला माणूस. ब्लेरिओंची विमाने हार्देलोच्या वाळूवर उतरत आणि किनाऱ्यावरची मुले धावत सुटत. त्या मुलांत जहांगीर होता. १९१९ मध्ये, पंधराव्या वर्षी, तेथेच पैसे भरून हौसेची छोटी फेरी मारण्याची संधी त्याला मिळाली. फेरी काही मिनिटांची होती, पण आपण वैमानिक व्हायचे हे त्या मुलाने मनाशी पक्के केले.

अशा फेरीत माणूस प्रवासी असतो. वारा, उंची, खाली सरकणारी जमीन यांचा आनंद त्याला मिळतो; विमानाचा भार मात्र दुसऱ्याच्या हातात असतो. जेआरडींच्या हातात तो भार यायला त्यानंतर जवळजवळ दहा वर्षे जावी लागली.

अपुरे राहिलेले शिक्षण

ही दहा वर्षे सोपी नव्हती. १९२३ मध्ये आईचे निधन झाले. केंब्रिजमध्ये अभियांत्रिकी शिकण्याची जेआरडींची इच्छा होती आणि त्यासाठी इंग्लंडमध्ये तयारीही सुरू झाली होती. पण ते फ्रेंच नागरिक असल्याने विसाव्या वर्षी सक्तीच्या लष्करी सेवेसाठी घोडदळात दाखल व्हावे लागले. ती सेवा संपते न संपते तोच वडिलांनी त्यांना मुंबईला बोलावून घेतले. १९२५ च्या अखेरीस ते ‘टाटा सन्स’मध्ये बिनपगारी उमेदवार म्हणून रुजू झाले. पुढच्याच वर्षी वडीलही गेले. बावीस वर्षांच्या तरुणावर धाकट्या भावंडांची जबाबदारी, कंपनीचे संचालकपद आणि वडिलांनी मागे ठेवलेल्या आर्थिक अडचणी असे सारे एकदम येऊन पडले. केंब्रिज कायमचे राहून गेले.

विद्यापीठाची पदवी नसल्याची खंत त्यांना आयुष्यभर होती. ती उणीव त्यांनी वाचनाने, तांत्रिक पुस्तकांच्या अभ्यासाने आणि तज्ज्ञांना प्रश्न विचारून भरून काढली. जे शिक्षण त्यांनी पहिल्या धड्यापासून परीक्षेपर्यंत रीतसर पूर्ण केले आणि ज्याचा दाखला मिळवला, ते विमानविद्येचे होते. म्हणूनच त्या परवान्याचे मोल त्यांच्या लेखी एवढे मोठे असावे.

पावणेचार तास

१९२० च्या दशकाच्या अखेरीस भारत सरकारने दिल्ली, मुंबई, कलकत्ता, कराची अशा शहरांतील फ्लाइंग क्लबना साहाय्य देण्याचे धोरण स्वीकारले. त्यातूनच १९२८ मध्ये बॉम्बे फ्लाइंग क्लब स्थापन झाला. जुहूच्या सपाट मैदानावरून त्याची विमाने उडू लागली आणि १९२९ च्या प्रारंभी जेआरडी तेथे विद्यार्थी म्हणून दाखल झाले.

त्या काळी शिकाऊंसाठी डी हॅविलँड कंपनीचे ‘मॉथ’ हे दोन पंखांचे विमान वापरले जाई. लाकडी सांगाडा, कापडाने मढवलेले पंख, एकामागे एक अशा दोन उघड्या बैठका. पुढे शिक्षक, मागे विद्यार्थी. इंजिन सुरू करायचे तर कोणीतरी समोरचा पंखा हाताने फिरवायचा. चाकांना ब्रेक नसत. वाऱ्याच्या आणि इंजिनाच्या गोंगाटात बोलणे ऐकू येण्यासाठी दोघांमध्ये एक नळी असे. तिच्यातून शिक्षकाचा आवाज विद्यार्थ्याच्या कानापर्यंत पोहोचे.

विमानातली साधने बदलली, तरी पहिल्या धड्याचे स्वरूप शंभर वर्षांत फारसे बदललेले नाही. विद्यार्थी प्रथम विमान सरळ आणि एका पातळीत ठेवायला शिकतो. दांडा पुढे-मागे केला की विमानाचे नाक खाली-वर होते, डावी-उजवीकडे केला की पंख झुकतात, पायाखालच्या पट्ट्यांनी शेपटीचे सुकाणू वळते. वाचताना हे सोपे वाटते. प्रत्यक्षात हे तिन्ही एकाच वेळी आणि योग्य प्रमाणात करावे लागते. नवशिका बहुधा दांडा घट्ट आवळून धरतो, गरजेपेक्षा जास्त हलवतो आणि विमान डोलू लागले की आणखी घाबरतो. हात सैल ठेवून नजर क्षितिजावर स्थिर करणे हा खरा पहिला धडा. मग चढणे, उतरणे, वळणे. वेग फार कमी झाल्यास पंखांचा आधार कसा सुटतो आणि तो परत कसा मिळवायचा, हे त्यानंतर येते. सर्वांत अवघड असते ते विमान जमिनीवर टेकविणे. हे सारे हाताशी आले, असे शिक्षकाला वाटले की एके दिवशी तो बैठकीतून उतरतो आणि विद्यार्थ्याला एकट्याने जायला सांगतो.

जेआरडींच्या बाबतीत ही वेळ अवघ्या पावणेचार तासांच्या शिकवणीनंतर आली. जुहूवरून ते एकटे उडाले आणि सुखरूप उतरले. त्याच वर्षी त्यांनी फ्रेंच नागरिकत्वाचाही त्याग केला.

अबुकीरचे स्पार्क प्लग

भारतीयांमध्ये विमानविद्येची आवड वाढावी म्हणून आगाखान यांनी १९२९ च्या अखेरीस पाचशे पौंडांचे पारितोषिक जाहीर केले. इंग्लंड ते भारत किंवा भारत ते इंग्लंड हा प्रवास एकट्याने आणि महिनाभरात पूर्ण करणाऱ्या पहिल्या भारतीयास ते मिळणार होते. स्पर्धेत तिघे उतरले : मनमोहन सिंग, अस्पी इंजिनिअर आणि जेआरडी. अस्पी तेव्हा अवघे सतरा वर्षांचे होते.

जेआरडी ३ मे १९३० रोजी कराचीहून पश्चिमेकडे निघाले. अस्पी इंग्लंडहून पूर्वेकडे येत होते. इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ अबुकीरच्या विमानतळावर दोघांची गाठ पडली. अस्पींचे विमान तेथे अडकले होते; त्यांना स्पार्क प्लग हवे होते आणि जवळ जादा नव्हते. जेआरडींकडे होते. स्पर्धा ऐन रंगात असताना त्यांनी आपले प्लग प्रतिस्पर्ध्याला देऊन टाकले. अस्पी कराचीला आधी पोहोचले आणि पारितोषिक त्यांनाच मिळाले.

या पराभवाचे जेआरडींना कधी दुःख झाले नाही. अस्पी हवाई दलात गेले आणि १९६० मध्ये हवाई दलप्रमुख झाले. कच्च्या वयात मिळालेल्या संधीतून किती मोठी कारकीर्द घडू शकते, याचे ते उत्तम उदाहरण ठरले.

छंदाचा व्यवसाय

नेव्हिल व्हिन्सेंट हा ब्रिटिश हवाई दलातून बाहेर पडलेला वैमानिक हवाई टपालाची योजना घेऊन मुंबईत आला होता. वरिष्ठ संचालक जॉन पीटरसन यांनी दोराबजी टाटांचे मन वळवले आणि दोन लाख रुपयांच्या गुंतवणुकीस मान्यता मिळाली. सरकारशी करार व्हायला १९३२ उजाडले.

१५ ऑक्टोबर १९३२ च्या सकाळी जेआरडींनी कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून ‘पस मॉथ’ हे छोटे विमान उडविले. सोबत होत्या टपालाच्या थैल्या. अहमदाबादला इंधनाचे डबे बैलगाडीतून आणून विमानात ओतले गेले. दुपारी विमान जुहूला उतरले आणि तेथून पुढे मद्रासपर्यंतचे टपाल व्हिन्सेंट घेऊन गेले. वाटेत दिशा दाखविणारी रेडिओ यंत्रणा नव्हती. नकाशा, होकायंत्र आणि खाली दिसणारे रूळ व नद्या यांवर सारी भिस्त होती. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई. तेव्हा सारा पसारा पुण्याला हलवून येरवडा तुरुंगाजवळच्या मैदानावरून टपाल चालविले जाई. आज भारतीय नागरी विमानवाहतुकीचा प्रारंभ म्हणून सांगितला जाणारा उद्योग हा असा उभा राहिला. पहिल्या वर्षभरात या सेवेने सुमारे एक लाख साठ हजार मैलांचे अंतर कापले आणि प्रवासी नेले केवळ १५५.

१९३८ मध्ये, चौतिसाव्या वर्षी, जेआरडी ‘टाटा सन्स’चे अध्यक्ष झाले. पोलाद, वीज, रसायने, कापड अशा कितीतरी उद्योगांचा भार त्यांच्यावर आला. विमानसेवेवरचे त्यांचे लक्ष मात्र कमी झाले नाही. १९४६ मध्ये ‘टाटा एअरलाइन्स’ची ‘एअर इंडिया’ झाली. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघाले, तेव्हा प्रवाशांमध्ये स्वतः जेआरडी होते.

नागपूरची मध्यरात्र

जमशेटजींनी १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, तेव्हापासून टाटांचे या शहराशी नाते होते. स्वातंत्र्यानंतर विमानांच्या जगातही नागपूरला स्थान मिळाले, ते देशाच्या मध्यभागी असल्यामुळे. ३० जानेवारी १९४९ पासून रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरात एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपूर्वी ती आपापल्या शहरांकडे परतत. दिवसभर शांत असलेले सोनेगावचे विमानतळ रात्री जागे होई. या योजनेवरून तत्कालीन दळणवळण मंत्री रफी अहमद किडवाई आणि जेआरडी यांच्यात तीव्र मतभेद झाले. विमानसेवा वाढावी याबद्दल दुमत नव्हते. ती कोणत्या पद्धतीने आणि कोणत्या वेगाने वाढावी, हा वाद होता.

त्याआधी दोन वर्षे, १९४७ मध्ये, नागपूर फ्लाइंग क्लबची स्थापना झाली होती. उड्डाणाचे शिक्षण त्यामुळे विदर्भाच्या उंबरठ्यावर आले.

आकाशाने घेतलेली किंमत

जेआरडींच्या चरित्रात विमानांचे वैभव जेवढे आहे, तेवढेच त्यांनी दिलेले दुःखही आहे. १९३६ मध्ये धाकटा भाऊ जमशेद ऑस्ट्रियात विमान अपघातात मरण पावला. १९४२ मध्ये युद्धकाळात इंग्लंडहून निघालेले विमान शत्रूने पाडले, त्यात व्हिन्सेंट गेले. १९५० मध्ये ‘मलबार प्रिन्सेस’ माँ ब्लाँ पर्वतावर आदळून ४८ जण दगावले. २४ जानेवारी १९६६ रोजी त्याच पर्वतावर ‘कांचनजंगा’ हे एअर इंडियाचे विमान कोसळले आणि डॉ. होमी भाभांसह ११७ जण गेले. भाभा जेआरडींचे स्नेही. टाटा मूलभूत संशोधन संस्था उभारण्यात दोघांचा हात होता. आपण ज्या संस्थेचे अध्यक्ष आहोत, तिच्याच विमानात जिवलग मित्र जावा, याहून कठोर प्रसंग कोणता असू शकतो?

बारीकसारीक गोष्टींबद्दलचा त्यांचा प्रसिद्ध आग्रह या पार्श्वभूमीवर समजून घ्यायला हवा. एअर इंडियाच्या विमानातून प्रवास करताना ते पडदे, खुर्च्या, प्रसाधनगृह, चहाचा रंग यांची नोंद करीत आणि उतरल्यावर संबंधितांना चिठ्ठ्या पाठवीत. अस्वच्छता दिसली तर स्वतः फडके हाती घेत. अनेकांना हा श्रीमंत माणसाचा चोखंदळपणा वाटे. पण उड्डाणापूर्वी विमानाभोवती फिरून प्रत्येक खिळा, प्रत्येक तार, इंधनाची पातळी स्वतः तपासण्याची सवय शिकाऊ वैमानिकाला पहिल्याच दिवशी लावली जाते. जुहूला लागलेली ती सवय जेआरडींनी अध्यक्षाच्या खुर्चीतही सोडली नाही.

१९५३ मध्ये विमानकंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. निर्णय घेताना आपल्याला विश्वासात घेतले गेले नाही, याचा त्यांना सल होता. तरीही पंडित नेहरूंच्या आग्रहावरून त्यांनी एअर इंडियाचे अध्यक्षपद स्वीकारले आणि पंचवीस वर्षे सांभाळले. १ जानेवारी १९७८ रोजी ‘सम्राट अशोक’ हे जंबो जेट मुंबईनजीक समुद्रात कोसळले आणि २१३ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर महिनाभरातच मोरारजी देसाई सरकारने जेआरडींना अध्यक्षपदावरून दूर केले. ही बातमी त्यांना सरकारकडून न कळता, त्यांच्या जागी नेमलेले निवृत्त हवाई दलप्रमुख पी. सी. लाल यांच्याकडून कळली. १९८० मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने त्यांना संचालक मंडळावर परत घेतले; अध्यक्षपद मात्र पुन्हा त्यांच्याकडे आले नाही.

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी

पहिल्या टपाल उड्डाणाला पन्नास वर्षे झाली, तेव्हा १५ ऑक्टोबर १९८२ रोजी जेआरडींनी तो प्रवास पुन्हा केला. वय होते अठ्ठ्याहत्तर. विमान जुन्या बनावटीचे, ‘लेपर्ड मॉथ’. मार्ग तोच, कराची ते अहमदाबाद ते जुहू. आणि विमानात ते एकटे. त्यामागचा हेतू त्यांनी स्पष्ट केला होता. आपल्या पिढीला विमानविद्येने जो उत्साह दिला, तो पुढच्या पिढीत कमी होत चालल्याची त्यांना काळजी वाटत होती. तरुणांच्या मनात तो पुन्हा जागवावा, यासाठी हे उड्डाण होते.

२९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले. पॅरिसच्या पेर लाशेज दफनभूमीत ते चिरविश्रांती घेत आहेत. त्यांनी स्थापन केलेली एअर इंडिया २७ जानेवारी २०२२ रोजी टाटा समूहाकडे परत आली. ज्या बॉम्बे फ्लाइंग क्लबने त्यांना शिकविले, त्याने मुंबईचे आकाश गजबजल्यानंतर उड्डाणाचे धडे धुळ्याच्या धावपट्टीवर द्यायला सुरुवात केली.

जेआरडींना पैशांची आणि ओळखीची अनुकूलता होती, हे विसरून त्यांचे चरित्र वाचणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. नरखेड किंवा काटोलच्या संत्रा बागायतदाराच्या मुलीला ती नसते. व्यावसायिक परवान्यासाठी आज भारतात दोनशे तासांचे उड्डाण लागते आणि त्याचा खर्च लाखोंच्या घरात जातो. कर्ज काढून, जमीन तारण ठेवून या वाटेने निघणारी कुटुंबे आहेत. अशा घरासाठी पहिल्या धड्याचे महत्त्व फार मोठे आहे. दांडा हाती आल्यावर मन स्थिर राहते की नाही, चूक दाखविली की ती ऐकून घेता येते की नाही, तीच तपासणी शंभराव्या दिवशीही कंटाळा न करता करावीशी वाटते की नाही, याचे पहिले उत्तर तेथे मिळते. उत्तर नकारार्थी आले, तरी घराचे आयुष्यभराचे संचित वाचते. असा धडा घेण्याची सोय घरापासून किती अंतरावर आणि किती पैशांत आहे, हा प्रश्न १९२९ मध्ये जुहूच्या मैदानाने मुंबईकरांपुरता सोडविला होता. विदर्भातल्या तालुक्याच्या गावांसाठी तो आजही सोडवावा लागणार आहे.